सहावा तुकडा

विकृतिशास्त्राकडे, म्हणजे पॅथॉलॉजीकडे, मी ज्ञानाच्या ओढीने वळलो, असे मी नोकरीच्या मुलाखतीत सांगितले होते. खरे कारण असे की, या विषयात रुग्ण समोर बसत नाही. पारशिवनीच्या बाजूच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात सोळा वर्षे वैद्यकीय अधिकारी म्हणून काढल्यावर स्वतःविषयी एक गोष्ट मला निश्चित कळली होती. चेहऱ्याकडे पाहून वाईट बातमी सांगणे मला जमत नाही. आवाज खाली जातो, वाक्ये लांबत जातात, आणि शेवटी ऐकणारा माणूसच मला धीर देऊ लागतो. सेवेतील डॉक्टरांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मला पदव्युत्तर प्रवेश मिळाला, तेव्हा मी सूक्ष्मदर्शकामागची खुर्ची मागून घेतली. वर्गातल्या मुलामुलींनी पहिल्याच आठवड्यात मला ‘अंकल’ करून टाकले. परीक्षेत मात्र मी त्यांच्या पुढे राहिलो. पुस्तके मला लवकर समजतात. माणसांना वेळ लागतो.

धंतोलीतल्या ज्या खासगी प्रयोगशाळेत मी आता काम करतो, तिचे मालक माझे वरिष्ठ आहेत. वयाने माझ्याहून चार वर्षांनी मोठे, अनुभवाने पंचवीस. त्यांना सगळे सर म्हणतात. आमच्याकडे दुसरे महत्त्वाचे माणूस म्हणजे तंत्रज्ञ ताई. मेणात बसवलेल्या तुकड्याचे केसाहून पातळ काप काढून ते काचपट्टीवर चढवणे हे त्यांचे काम. येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करणे हा त्यांचा स्वभाव. मी दोन वर्षांपूर्वी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघून विचारले होते, “सर, तुमी नवीन डॉक्टर का जुने पेशंट?”

ही हकीगत लिहावी की नाही, याचा मी बरेच महिने विचार केला. लिहिण्याची मला सवय नाही. परंतु जे घडले त्यातली चूक माझी होती, आणि ती माझ्या स्वभावातून झाली होती, म्हणून लिहितो.

मंगळवारचे काम साधे होते. दवाखान्यांतून आलेल्या डब्या उघडायच्या, त्यातल्या फॉर्मॅलिनमधून शरीराचे तुकडे चिमट्याने काढायचे, मोजायचे, वहीत वर्णन लिहायचे आणि प्रत्येक रुग्णाचे तुकडे छिद्रे असलेल्या वेगळ्या प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये ठेवायचे. पुढे एका कॅसेटमधल्या तुकड्यांचा मेणात एक ठोकळा बनतो. त्या दिवशीच्या डब्यांत एक डबी आतड्याची होती. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेले एक फिटर, वय एकोणसाठ. शौचावाटे रक्त जात होते म्हणून त्यांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची दुर्बिणीने तपासणी झाली होती. आत सुजलेला, लालसर पट्टा आणि एक लहानशी जखम दिसली होती. दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरांनी फॉर्मवर लिहिले होते, ‘सहा तुकडे’.

मी मोजले तेव्हा पाच भरले. तांदळाच्या कणीएवढे पाच. डबी हलवून पाहिली, झाकणाची आतली बाजू पाहिली, पुन्हा मोजले. पाच.

अशा वेळी फोन करून विचारायचे असते. साहेब, सहा होते की पाच? एवढाच प्रश्न. मी फोनकडे हात नेला आणि थांबलो. मागच्याच महिन्यात त्याच डॉक्टरांना असाच फोन केला होता, तेव्हा ते म्हणाले होते, “अहो, मी तुकडे काढतो, तुम्ही मोजता. दोन्ही कामं मीच करू का?” त्यांनी ते गमतीनेच म्हटले असणार. माझ्या मनात मात्र ते वाक्य महिनाभर तसेच्या तसे राहिले होते. दुर्बीण करणारे घाईत पुष्कळदा अंदाजे आकडा लिहितात, हेही मला ठाऊक होते. आणि ज्याला फोन टाळायचा असतो त्याला अशा गोष्टी नेमक्या आठवतात. मी वहीत वळणदार अक्षरात ‘पाच’ असे लिहिले, चिमटा कापडाला पुसला आणि पुढची डबी ओढली.

पुढची डबी स्तनाच्या गाठीची होती. मौद्याकडच्या एक अंगणवाडी सेविका, वय छत्तीस. जाड सुईने काढलेले तीन तुकडे, शेवईसारखे बारीक आणि लांबट. मी ते त्यांच्या कॅसेटमध्ये ठेवले.

गुरुवारी काचपट्ट्या तयार झाल्या. आतड्याची माझ्या टेबलावर आली. पाचही तुकड्यांत सूज होती, त्यापलीकडे काही नव्हते. मी अहवाल लिहिला, ‘कर्करोग आढळला नाही’, आणि सही केली. ते वाक्य लिहिताना मला नेहमी बरे वाटते. त्या दिवशीही वाटले. स्तनाची काचपट्टी सरांकडे गेली होती. ती पाहून त्यांनी सर्जनला फोन केल्याचे मी पलीकडच्या खोलीतून ऐकले.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास ते फिटर आणि त्यांच्या पत्नी प्रयोगशाळेत आले. अहवालावर माझे आडनाव वाचून त्यांनी मला शोधत आणले होते.

“जय भीम, डॉक्टरसाहेब,” ते दारातूनच म्हणाले. “आडनाव पाह्यलं आन् म्हटलं, आपलाच माणूस आहे. म्हणून भेटाले आलो.”

मी उभा राहिलो. त्यांनी पिशवीतून संत्रा बर्फीचा डबा काढला.

“पंधरा दिवस झोप नाही जी. मले वाटलं, आता काही खरं नाही. हिचे तर उपास सुरू झाले होते.”

“काहून खोटं बोलून राहिले?” पत्नी म्हणाल्या. “उपास तुमचा होता, भेवाचा. चार दिवस पोळी उतरत नव्हती यायच्या गळ्याखाली. वरून मलेच म्हणत, तू बारीक होऊन राहिली.”

“होय वं, होय. डॉक्टरांसमोर तरी राहू दे.”

ताई दारात उभ्या राहून हसत होत्या. मी बर्फीचा एक तुकडा खाल्ला, कारण नको म्हणणे अधिक अवघड होते. फिटर मला तीन महिन्यांच्या गोळ्यांचा कागद दाखवत होते आणि म्हणत होते, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचे आहे, आता काही घाई नाही. जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे तळवे खरखरीत आणि गरम होते.

जेवणानंतर सर माझ्या खोलीत आले. त्यांना भाचीच्या लग्नाला जबलपूरला जायचे होते, गाडी खाली उभी होती. त्यांनी स्तनाची काचपट्टी माझ्यापुढे ठेवली.

“एवढा रिपोर्ट टाइप करून ठेवा. स्तनाचा कर्करोग आहे. सर्जनला मी काल सांगितलं, सोमवारी अकराला ऑपरेशन घेतलंय त्यांनी. बाई स्वतःच म्हणाली म्हणे, अर्धवट नको, पूर्ण काढून टाका. तिची बहीण याच्यानंच गेली.”

“मी पाहून घेतो, सर.”

“पाहायचं काय त्यात? टाइप करायचंय,” सर हसून म्हणाले आणि जिना उतरले.

मी पाहिले, ते केवळ सवयीने. तीन लांबट तुकडे. तिन्हींत एकच चित्र. फिकट गुलाबी तंतूंमध्ये चेपलेल्या नलिका, म्हणजे तरुण स्त्रियांच्या स्तनात होणारी घट्ट पण निरुपद्रवी गाठ. मी काचपट्टी सरकवत गेलो. तिसऱ्या तुकड्याच्या टोकाजवळ, त्याला कुठेही न चिकटता, एक चौथा कण होता.

त्या कणात ग्रंथी एकमेकींना खेटून उभ्या होत्या. पेशींची केंद्रके लांब, गर्द जांभळी, दाटीवाटीने रांगेत उभी. ग्रंथींच्या पोकळ्यांत मेलेल्या पेशींचा चुरा साचलेला. तो कर्करोग होता, याविषयी कुणालाही शंका आली नसती. स्तनाच्या कर्करोगातही नलिकांच्या मधोमध असा चुरा साचतो. सरांनी त्यावरूनच निदान केले असणार. मीही मान्य करून टाइप करायला वळणार होतो. मग कणाच्या दुसऱ्या कडेला एक ग्रंथी दिसली, जिला काहीच झालेले नव्हते. एकच निरोगी ग्रंथी. तिच्या भिंतीत प्याल्याच्या आकाराच्या पेशी होत्या आणि प्रत्येकीने श्लेष्म्याचा एक फिकट निळसर थेंब धरलेला होता. अशा पेशी मोठ्या आतड्याच्या अस्तरात लाखोंनी असतात. स्तनात त्या नसतात.

मला आठवते, मी खुर्ची मागे सरकवली आणि खिडकीशी गेलो. खाली रस्त्यावर कुणीतरी हेल्मेट दुरुस्त करत बसले होते. मी परत आलो आणि पुन्हा पाहिले. निरोगी ग्रंथी तिथेच होती.

मी कपाटातली सगळी पुस्तके काढली. त्यांत दुर्मीळ गोष्टींची कमतरता नसते. स्तनात उगवून आतड्यासारखे दिसणारे कर्करोग असतात, असे एका ठिकाणी होते. आतड्यातला कर्करोग क्वचित स्तनात जाऊन रुजतो, असे दुसऱ्या ठिकाणी होते. पाऊण तास मी या दोन शक्यतांना धरून राहिलो. खरे सांगायचे तर, त्या बाईला एखादा दुर्मीळ आजार असावा, अशी माझी इच्छा होती. हे लिहिताना मला लाज वाटते. पण त्या निरोगी ग्रंथीपुढे कुठलेही पुस्तक टिकत नव्हते. कर्करोग प्रवास करतो. निरोगी अस्तर आतडे सोडून कुठे जात नाही. तो कण त्या बाईच्या शरीरातला नव्हता. आणि मंगळवारी आतड्याची डबी एकच आली होती.

त्या दिवशी मी अहवाल टाइप केला नाही. कुणाला काही बोललोही नाही. घरी पत्नीने दोनदा विचारले, ताप आहे का. मी हो म्हणालो.

शनिवारी सकाळी ताई आल्याबरोबर मी त्यांना स्तनाचा मेणाचा ठोकळा दिला आणि आणखी खोलवरचे काप काढायला सांगितले. काप काचपट्टीवर घेण्याआधी कोमट पाण्यावर तरंगत सोडतात. कधीकधी त्या पाण्यात आधीच्या रुग्णाचा एखादा कण राहतो आणि पुढच्याच्या काचपट्टीवर चढतो. तसे झाले असेल तर नव्या कापांत तो दिसणार नव्हता, आणि दोष पाण्याच्या भांड्याचा ठरला असता. मी त्यावर आशा ठेवून होतो.

नव्या कापांत तो दिसला. पहिल्यापेक्षा मोठा दिसला. म्हणजे तो मेणाच्या आत होता. म्हणजे कॅसेटमध्येच गेला होता. म्हणजे चिमट्याच्या दातांत अडकून, माझ्या हाताने.

ताई माझ्याकडे पाहत उभ्या होत्या. “सर, काहून असे पांढरे पडून राहिले? पाणी आणू का?”

“ताई, मंगळवारची वही द्याल का? आतड्याची नोंद पाहायची आहे.”

त्यांनी वही आणली, आणि मी मागितले नव्हते तरी फॉर्मांची फाइलही आणली. बोटाने ओळ शोधत त्यांनी मोठ्याने वाचले, “फॉर्मवर सहा. आपल्या वहीत पाच.” मग अक्षराकडे पाहिले. “हे तर तुमचं आहे. इतकं सुंदर अक्षर इथं दुसऱ्या कोणाचं नाही.”

मी फॉर्म वहीशेजारी ठेवला.

“तुमी फोन नाही केला?”

“नाही.”

“मले सांगाचं होतं नं. मी केला असता. मले कोण काय म्हणते?” त्यांनी वही मिटली आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “काल बर्फी देऊन गेले तेच का हे?”

मी मान हलवली. ताईंची थट्टा त्या क्षणी संपली. त्या दारापर्यंत गेल्या, दार लावले आणि परत येऊन माझ्या समोरच्या स्टुलावर बसल्या. दोन वर्षांत त्या माझ्यासमोर कधी बसल्या नव्हत्या.

तिथे बसून मी जो विचार केला, तोही लिहायला हवा. स्तनाच्या अहवालापुरते काम सोपे होते. ‘ठोकळ्यात बाहेरचा कण मिसळलेला दिसतो, नमुना पुन्हा घ्यावा’, एवढे लिहिले की त्या बाईचा स्तन वाचला असता. कण कुणाचा, हे कुणी विचारले नसते. प्रयोगशाळांमध्ये असे होते, डॉक्टरांना ते माहीत असते. फिटरांना तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचे होतेच. तेव्हा दुसऱ्या तुकड्यांत जे दिसायचे ते दिसले असते आणि माझा पाचाचा आकडा वहीत शांतपणे पडून राहिला असता. हा मार्ग मला पूर्ण आखलेला, स्वच्छ दिसला. तो इतका स्वच्छ दिसला की मला माझीच भीती वाटू लागली. तीन महिने तो माणूस सुजेच्या गोळ्या खाणार होता आणि आतड्यात ती जांभळी रांग वाढत राहणार होती.

“सर,” ताई म्हणाल्या, “आधी कोणाले फोन लावू?”

मी सर्जनचा क्रमांक सांगितला. ताईंनी लावून दिला आणि माझ्या हातात ठेवला. बोलण्याआधी मी कागदावर तीन वाक्ये लिहून घेतली होती. त्यातले पहिले वाचले.

“म्हणजे?” सर्जन म्हणाले. “परवा तुमच्या सरांनीच तर सांगितलं, पॉझिटिव्ह आहे. बाईला मी ॲडमिशनचं सांगून बसलोय.”

“तो कण त्यांचा नाही, असं मला वाटतं.”

“वाटतं, की आहे?”

मी कागदाकडे पाहिले. त्या प्रश्नाचे उत्तर मी लिहून ठेवले नव्हते. “आहे,” मी म्हणालो. “उद्या संध्याकाळपर्यंत विशेष चाचणी करून लेखी देतो. तोपर्यंत सोमवारचं ऑपरेशन थांबवा.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “थांबवतो. पण डॉक्टर, उद्या मला पुन्हा ‘वाटतं’ नकोय.”

सरांना लावलेल्या फोनमागे बँड वाजत होता. मी सगळे सांगितले, सहा आणि पाच हेही. आधी ते ओरडूनच बोलत होते, गोंगाटामुळे. “अरे, प्राथमिक केंद्रातली सवय आहे तुमची, प्रत्येकाला वरच्या दवाखान्यात पाठवायची! मी पंचवीस वर्षं स्तन पाहतोय.” मग मी निरोगी ग्रंथीचे सांगितले. बँडचा आवाज कमी झाला. ते कुठेतरी बाजूला गेले असावेत.

“मी ती कड पाहिली नाही,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “स्तनाचा रिपोर्ट थांबवा. दुसऱ्याचं नंतर पाहू.”

“नंतर म्हणजे केव्हा, सर?”

हा प्रश्न मी विचारला, यावर माझा नंतरही बराच वेळ विश्वास बसत नव्हता. सरांचाही बसला नसावा. “तुम्ही आज भलतेच बोलायला लागलात,” ते म्हणाले. “चाचणी करून घ्या. मग जे करायचं ते करा, पण लेखी करा. माझी सही लागली तर मी आल्यावर करतो.”

ती विशेष चाचणी आमच्याकडे होत नाही. मी मेणाचा ठोकळा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला आणि चार रस्ते पलीकडच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत स्वतः घेऊन गेलो. वाटेत दोनदा खिसा चाचपला. चाचणी अशी की, आतड्याच्या पेशींत एक विशिष्ट प्रथिन असते आणि स्तनाच्या पेशींत दुसरे. रंग चढवला की ज्याचे प्रथिन, त्याची केंद्रके तपकिरी होतात. रविवारी दुपारी चारला मी तिथल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आतड्याच्या रंगात तो कण सगळाच्या सगळा तपकिरी झाला होता, अगदी त्या निरोगी ग्रंथीसकट. आजूबाजूचे तीन लांब तुकडे कोरे होते. स्तनाच्या रंगात याच्या उलट.

सर्जनला मी तिथूनच लेखी कळवले. त्यांचे उत्तर एका शब्दाचे आले, ‘ठीक’. एका बाईचा प्रश्न त्या शब्दात संपला होता. मला हलके वाटायला हवे होते. मी प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसून राहिलो, कारण उठलो तर पुढचे काम सुरू होणार होते.

दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरांशी मी त्याच संध्याकाळी बोललो. ते रागावले नाहीत. त्यांना सहावा तुकडा आठवत होता. जखमेच्या तळाशी चिमटा जात नव्हता म्हणून तो त्यांनी वेगळा कोन साधून घेतला होता. बाकीचे पाच कडेचे होते. “उद्या सकाळी घेऊन या त्यांना,” ते म्हणाले. “शेवटचाच भाग आहे, एनिमा देऊन लगेच पाहता येईल. तुम्ही सांगता की मी सांगू?”

मी सांगतो, असे मी म्हणालो.

सोमवारी सकाळी मी कळमेश्वरला गेलो. फोनवर सांगितले असते तर चालले असते; पण फोनवर मी काहीतरी गोल बोललो असतो, हे मला माहीत होते. वसाहतीमागच्या गल्लीत त्यांचे घर. ते अंगणात स्कूटर पुसत होते. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

“अरे! डॉक्टरसाहेब! ये वं, पाहा कोण आलं! काय गा, बर्फी इतकी आवडली का?”

पत्नी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि हसणे थांबवले. बायकांना कळते की काय कोण जाणे. त्या खाटेच्या कडेवर बसल्या.

मी उभ्यानेच सांगितले. वाक्ये लांबली, मध्येच तुटली, पण सांगितले. तुमच्या आतड्याचा एक तुकडा माझ्या हातून दुसऱ्या रुग्णाच्या डबीत गेला. तुमचा अहवाल उरलेल्या तुकड्यांचा होता. जो गेला होता त्यात कर्करोग आहे. फॉर्मवर सहा लिहिले होते आणि मला पाच सापडले होते.

फिटरांनी हातातले फडके स्कूटरच्या सीटवर ठेवले. त्याची घडी घातली.

“पाच सापडले, मंग काय केलं?”

“पाच लिहिले.”

“आमच्याकडे मशीन उघडली आन् परत बसवताना एक नट कमी भरला, तर मशीन चालू नाही करत, साहेब. लाइन बंद राहिली तरी चालते. मॅनेजर ओरडला तरी चालते.” ते शांतपणे बोलत होते. “तुमी काहून चालू केली?”

“मला फोन करायला संकोच वाटला.”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की, हे उत्तर त्यांना समजलेच नसावे. मला वाटले ते आता ओरडतील, आणि मी त्याची वाट पाहू लागलो. ते म्हणाले, “ज्याच्या डबीत गेला, त्याचं काय?”

“एक बाई आहेत. त्यांचं ऑपरेशन आज होणार होतं. थांबवलं.”

“थांबवलं नं?”

“हो.”

“हं,” ते म्हणाले, आणि शर्ट बदलायला आत गेले. पत्नी तिथेच बसून होत्या. आतून कपाटाचे दार उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला नाही.

पुढचे मी इथेच सांगून टाकतो, कारण कुणाला ताटकळत ठेवणे मला जमत नाही. त्या दिवशीच्या तुकड्यांत कर्करोग होता. महिन्याभरात त्यांची शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या आतड्याभोवतीच्या दोन गाठींपर्यंत तो पोहोचलेला होता. आता त्यांचे सलाइनमधले औषध चालू आहे आणि आणखी काही महिने चालेल. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक असल्याचा आव मी त्यांच्यासमोर आणत नाही. मौद्याच्या बाईंचा नमुना पुन्हा घेतला. गाठ निरुपद्रवीच निघाली. त्या अहवाल न्यायला स्वतः आल्या होत्या. मी माफी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “चार दिवस मी मेलेलीच होती, डॉक्टर. पोराले कोण सांभाळन ते ठरवून टाकलं होतं.” याहून अधिक त्या बोलल्या नाहीत आणि माझ्याकडे पाहिलेही नाही. सरांनी मला ठेवून घेतले. दुरुस्त अहवालावर आम्हा दोघांची सही आहे.

पण मला त्या सोमवारची आठवण येते ती दुर्बिणीच्या खोलीबाहेरच्या बाकावरची. फिटर आत गेले होते. त्यांच्या पत्नी आणि मी बाकावर बसलो होतो, मध्ये एका माणसाची जागा सोडून. पाऊण तास झाला असेल. त्या सारख्या दाराकडे पाहत होत्या. मी कुठे पाहावे ते मला कळत नव्हते. भिंतीवर हात धुण्याच्या सूचनांचा तक्ता होता, तो मी पुष्कळ वेळा वाचला.

“तुमी पाह्यलं नं ते?” त्यांनी अचानक विचारले. “दुर्बिणीतून.”

“सूक्ष्मदर्शकातून. हो.”

“कसं दिसते?”

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी अहवालात वापरतो ते शब्द आठवले. त्यातला एकही शब्द त्यांना देण्यासारखा नव्हता.

“वाईट दिसते का?” त्यांनी पुन्हा विचारले.

“नाही,” मी म्हणालो. खरे तेच सांगायचे ठरवले होते. “दिसायला वाईट नसतं. जांभळा रंग असतो, गर्द. रांगेत असतं सगळं. नवख्या माणसाला सुंदर वाटेल.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून नीट पाहिले. “आन् तुमाले?”

“मला भीती वाटते.”

“रोजच?”

“रोजच.”

मग मध्ये सोडलेल्या जागेवर त्यांनी आपली पिशवी ठेवली, ज्यात नवऱ्याचे कपडे होते, आणि माझ्याकडे सरकवली. “धरा जरा,” त्या म्हणाल्या. “माझे हात कापून राहिले.”

मी पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून बसलो. आत कुणीतरी पावले टाकत दाराकडे येत होते. कडी वाजली, तेव्हा आम्ही दोघेही उभे राहिलो.